मुरलेली रिओहा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तर स्पेनमध्ये एब्रो नदीच्या खोऱ्यात तयार होणाऱ्या रेड वाइनपैकी जी आधी ओकच्या पिंपात आणि नंतर बाटलीत वर्षानुवर्षे मुरवूनच विक्रीला काढली जाते, त्या जुन्या वळणाच्या रिओहाविषयी हे पान आहे. वाइन अधूनमधून घेणाऱ्या, पण लेबलवरील स्पॅनिश शब्दांपाशी अडणाऱ्या वाचकांचे नेहमीचे प्रश्न येथे घेतले आहेत.

रिओहा हे द्राक्षाचे नाव आहे, गावाचे की कंपनीचे?

रिओहा हे प्रदेशाचे नाव आहे. जसे देवगड म्हटले की हापूस समजावा, तसे रिओहा म्हटले की त्या विशिष्ट भूभागातील द्राक्षांपासून, तेथील नियमांनुसार तयार झालेली वाइन समजावी. या नावाला १९२५ साली अधिकृत संरक्षण मिळाले आणि १९९१ साली स्पेनमधील वाइनचा सर्वोच्च प्रादेशिक दर्जा मिळाला. तो दर्जा आजही रिओहा आणि कातालोनियातील प्रिओरात या दोनच प्रदेशांकडे आहे.

उच्चाराविषयी बोलायचे तर ‘रिओजा’ मात्र म्हणू नये. स्पॅनिशमधील ते अक्षर घशातून, आपल्या ‘ख’ आणि ‘ह’ यांच्या मध्ये कोठेतरी उच्चारले जाते. मराठीत ‘रिओहा’ लिहिणे पुरेसे जवळचे आहे.

प्रदेश सुमारे शंभर किलोमीटर लांबीचा आहे आणि त्याचे तीन भाग मानले जातात. पश्चिमेकडील रिओहा आल्ता आणि नदीच्या उत्तरेला बास्क प्रांतात मोडणारा रिओहा आलावेसा हे दोन भाग उंचावरचे व थंड आहेत. पूर्वेकडील रिओहा ओरिएंताल हा अधिक कोरडा व उष्ण आहे. या तिसऱ्या भागाला पूर्वी रिओहा बाहा, म्हणजे ‘खालचा रिओहा’ म्हणत असत. आपल्या मालाला ‘खालचा’ म्हणवून घेणे कोणाला आवडेल? २०१८ साली ते नाव बदलण्यात आले. उत्तरेला सिएरा दे कांताब्रिया ही डोंगररांग भिंतीसारखी उभी असल्यामुळे अटलांटिकवरून येणारा गार, ओला वारा बराचसा तेथेच अडतो. थोडा गारवा तेवढा खाली उतरतो, आणि या वाइनमध्ये जो ताजा आंबटपणा असतो त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

या शैलीला नजाकतीची शैली का म्हणतात? रंगाने तर ती फिकी दिसते.

फिका रंग हा दोष मानण्याची सवय आपल्याला दाट, काळपट आणि पहिल्याच घोटाला जीभ आवळणाऱ्या वाइनमुळे लागलेली आहे. एक साधा प्रयोग करून पाहावा. पेल्यात दोन-तीन बोटे मुरलेली रिओहा ओतून तो पांढऱ्या कागदावर तिरपा धरावा. मध्यभागी डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल रंग दिसतो, पण कडेला तो विटकरी होत होत अगदी काठावर नारिंगी छटेवर येतो आणि त्यातून कागदावरील अक्षरे वाचता येतात. हा रंग पाणी घातल्यामुळे आलेला नाही. द्राक्षाच्या सालीतील रंगद्रव्ये आणि तुरट द्रव्ये वर्षानुवर्षे एकमेकांना धरत जातात, त्यांचे मोठे कण बनतात आणि त्यांतील काही तळाशी बसतात. रंगाबरोबर तुरटपणाची धारही तेवढीच बोथट होते.

वासाचेही तसेच आहे. कोवळ्या वाइनमधील ताज्या चेरीचा वास मागे सरतो आणि त्याच्या जागी वाळलेले अंजीर, संत्र्याची साल, तंबाखूचे पान, जुने चामडे, पावसानंतरचा पाचोळा असे वास पुढे येतात. तोंडात ही वाइन जड वाटत नाही, आंबटपणा शेवटपर्यंत टिकून असतो आणि घोट गिळल्यावरही चव बराच वेळ रेंगाळते. बैठकीच्या गाण्यात आवाज न चढवता सूर लागलेला असतो तेव्हा जे जाणवते, त्याच्याशी याचे नाते आहे, असे मला वाटते.

यात कोणती द्राक्षे असतात?

मुख्य जात तेम्प्रानियो. ‘तेम्प्रानो’ म्हणजे लवकर, आणि इतर जातींपेक्षा लवकर पिकते म्हणून हे नाव पडले. आल्बियो मायोर आणि बेनेदिक्तो या दोन जुन्या स्पॅनिश जातींच्या नैसर्गिक संकरातून ती निर्माण झाल्याचे जनुकीय तपासणीतून दिसून आले आहे. हीच जात रिबेरा देल दुएरोमध्ये तिंतो फिनो, ला मांचामध्ये सेंथिबेल, पोर्तुगालच्या उत्तरेत तिंता रोरिझ, तर कातालोनियात ‘सशाचा डोळा’ या अर्थाच्या नावाने ओळखली जाते. तेम्प्रानियोचा स्वभाव मवाळ आहे. तिच्यात आंबटपणा बेताचा, साखर बेताची आणि वासही फार भडक नसतो. म्हणूनच ती पिंपातील लाकडाशी आणि काळाशी चांगली जुळवून घेते.

जोडीला गार्नाचा असते, जी अंगाला भरीवपणा आणि ऊब देते. माथुएलो आंबटपणा व तुरटपणा वाढवते. चौथी ग्राथिआनो ही बागायतदाराची परीक्षा पाहणारी जात आहे. ती उशिरा पिकते आणि उत्पन्न कमी देते, त्यामुळे एके काळी ती जवळजवळ दुर्लक्षित झाली होती. परंतु दीर्घकाळ मुरवायच्या वाइनमध्ये तिचे थोडेसे प्रमाणही रंग, सुगंध आणि आंबटपणा टिकवून धरते. स्वयंपाकात चिमूटभर हिंगाचे जे काम, ते येथे ग्राथिआनोचे.

वर्षानुवर्षे पिंपात मुरवण्याची ही रीत तेथे कोठून आली?

फ्रान्समधील बोर्दोहून आली, आणि ती सहजासहजी रुजली नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस लाबास्तिदा गावच्या मानुएल किंतानो या धर्मगुरूने बोर्दोची पद्धत शिकून घेतली आणि ओकच्या पिंपात वाइन ठेवून ती लांबच्या प्रवासात टिकते हे दाखवून दिले. मात्र त्या काळी गावातील सर्वांची वाइन एकाच ठरलेल्या भावाने विकावी लागत असे. पिंपांचा आणि थांबण्याचा खर्च या भावातून निघणार कसा? इतर उत्पादकांनी विरोध केला आणि तो प्रयत्न तेथेच थांबला.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लुसिआनो मुरिएता यांनी लोग्रोन्यो येथे बोर्दोच्या धर्तीवर वाइन बनवून ती परदेशी पाठवली. १८५८ साली एल्थिएगो गावात मार्केस दे रिस्काल ही बोदेगा, म्हणजे वाइन बनवण्या-साठवण्याचे घर, उभी राहिली. त्याच सुमारास फ्रान्सवर एकामागून एक संकटे कोसळली. आधी भुरी रोगाने तेथील बागांची दैना केली आणि मग फिलॉक्सेरा नावाच्या, मुळांवर जगणाऱ्या सूक्ष्म किडीने बागाच्या बागा वाळवून टाकल्या. बोर्दोच्या व्यापाऱ्यांना माल हवा होता आणि पिरेनीज पर्वताच्या अलीकडे रिओहा होती. १८६० च्या दशकात एब्रोच्या खोऱ्यातून बिल्बाओ बंदराकडे जाणारी रेल्वे सुरू झाली होती. तिच्या आरो स्थानकाभोवती बोदेगांची जी वस्ती वाढली ती आजही ‘स्थानक वाडी’ अशाच अर्थाच्या स्पॅनिश नावाने ओळखली जाते. लोपेथ दे एरेदिया (१८७७), कूने (१८७९) आणि ला रिओहा आल्ता (१८९०) ही घरे तेथे अगदी शेजारी-शेजारी उभी आहेत. मालगाडीत पिंपे चढवायला सोयीचे पडावे, एवढाच त्यामागचा हिशोब होता.

फिलॉक्सेरा १८९९ साली रिओहातही पोचली. त्यावर उपाय तोच होता, जो नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदारांना वेगळ्या कारणासाठी परिचित आहे. जमिनीत कणखर अमेरिकन वेलीचा खुंट लावायचा आणि त्यावर हव्या त्या जातीचे कलम करायचे. आपल्याकडे पाण्याचा ताण आणि क्षार सोसावेत म्हणून डॉगरिज खुंट वापरला जातो, तर तेथे किडीला दाद न देणारे खुंट निवडले गेले.

फ्रेंचांच्या बागा पुन्हा उभ्या राहिल्या आणि ते परतले. त्यांची पद्धत मात्र राहिली. पुढे बोर्दोने पिंपातील काळ कमी केला, पण रिओहातील जुन्या घरांनी तो धरून ठेवला. आज आपण जिला अस्सल स्पॅनिश शैली म्हणतो ती अशी आणलेली आणि मग जिद्दीने जपलेली आहे.

पिंपात नेमके काय घडते?

किण्वन संपल्यावर नवी वाइन २२५ लिटरच्या ओकच्या पिंपात भरली जाते. एका पिंपात साधारण ३०० बाटल्यांचा माल मावतो. लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांतून अगदी बेताने हवा आत जात राहते आणि त्या हवेच्या साहाय्याने वाइनमधील तुरट द्रव्ये मवाळ होतात. काही वाइन उडून जाते, म्हणून पिंप अधूनमधून भरून काढावे लागते.

रिओहाने पूर्वापार अमेरिकन ओक पसंत केला. अटलांटिकपलीकडच्या व्यापारामुळे तो सहज मिळत असे, फ्रेंच ओकपेक्षा स्वस्त पडे आणि त्याचे लाकूड घट्ट असल्याने करवतीने कापूनही पिंप गळत नसे. या लाकडातून व्हॅनिला आणि सुक्या खोबऱ्याचा वास वाइनमध्ये उतरतो, आणि क्वचित शेपूचाही. शेपू न आवडणाऱ्या मराठी माणसाने येथे दचकू नये. हा वास भाजीइतका ठसठशीत नसतो, आणि जुन्या वळणाची घरे वर्षानुवर्षे वापरलेली पिंपे मुद्दाम वापरतात, कारण अशा लाकडातील वास बराचसा निघून गेलेला असतो आणि उरते ते केवळ हवेचे हळूवार काम. लोपेथ दे एरेदिया, मूगा आणि ला रिओहा आल्ता या घरांकडे पिंपे बनवणारे स्वतःचे सुतारही आहेत.

साधारण दर सहा महिन्यांनी वाइन एका पिंपातून दुसऱ्यात काढली जाते. या कामाला ‘त्रासिएगा’ म्हणतात. वरच्या रांगेतील पिंपाच्या तोंडावरील लाकडी खुंटी काढली की वाइन पंपाशिवाय, केवळ उताराने, खालच्या रिकाम्या पिंपाकडे वाहू लागते. कामगार शेजारी बसून हातातील पेल्यात थोडी थोडी वाइन घेतो आणि तो पेला मेणबत्तीच्या ज्योतीसमोर धरून पाहतो. ज्योत पलीकडून स्वच्छ दिसते तोवर प्रवाह चालू राहतो. ज्योतीभोवती धुरकटपणा आला की गाळ जवळ आला, हे ओळखून तो तत्काळ धार बंद करतो. मग रिकामे पिंप धुऊन त्यात गंधक जाळले जाते. चार वर्षे पिंपात राहिलेल्या वाइनने असे सात-आठ प्रवास केलेले असतात. या शैलीत निवळपणा येतो तो गाळण्यांपेक्षा अशा धीराच्या कामातून.

शाकाहारी व्यक्तींनी काही पाहून घ्यावे काय?

होय. वाइन निवळण्यासाठी अंड्याचा पांढरा बलक वापरण्याची जुनी पद्धत रिओहात आहे, आणि मूगासारख्या घरात ती आजही पाळली जाते. बलकातील प्रथिने तुरट द्रव्यांना धरून तळाशी बसतात आणि गाळाबरोबर वेगळी होतात. वाइनमध्ये बलक राहू नये अशी ही योजना असली, तरी ज्यांना ते चालत नाही त्यांनी ‘व्हीगन’ असा स्पष्ट उल्लेख असलेली बाटली घ्यावी.

लेबलवरील क्रिआन्था, रेसेर्वा आणि ग्रान रेसेर्वा यांचा अर्थ काय?

‘क्रिआन्था’ हा शब्द वाढवणे, संगोपन करणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. मूल वाढवायचे असते तशीच वाइनही वाढवायची असते, अशी त्यामागची समजूत, आणि ती मला नेमकी वाटते. रिओहाच्या नियमानुसार रेड क्रिआन्था एकूण किमान दोन वर्षे मुरलेली असावी लागते आणि त्यांपैकी किमान एक वर्ष पिंपात गेलेले असावे लागते. रेसेर्वासाठी एकूण किमान तीन वर्षे लागतात, त्यांत किमान एक वर्ष पिंपात आणि सहा महिने बाटलीत. ग्रान रेसेर्वासाठी एकूण किमान पाच वर्षे, त्यांत किमान दोन पिंपात आणि दोन बाटलीत.

हे किमान आहे, आणि जुन्या घरांच्या दृष्टीने फारच किमान. काही ग्रान रेसेर्वा दहा वर्षांहून अधिक काळाने बाजारात येतात.

हे सारे वाचत बसायचे नसेल तर बाटलीच्या मागील बाजूस नियामक मंडळाने दिलेली क्रमांकित चिठ्ठी पाहावी. क्रिआन्थासाठी ती लाल, रेसेर्वासाठी गडद किरमिजी आणि ग्रान रेसेर्वासाठी निळी असते. हिरवी चिठ्ठी असेल तर त्या वाइनवर मुरवण्याचे कोणतेही बंधन नव्हते, एवढाच अर्थ घ्यावा.

म्हणजे ग्रान रेसेर्वा सर्वांत चांगली असे समजावे काय?

नाही. चिठ्ठी वाइनचे वय सांगते, गुण सांगत नाही. चांगल्या घराची रेसेर्वा ही सुमार घराच्या ग्रान रेसेर्वापेक्षा केव्हाही सरस. कच्च्या मालात दम नसेल तर लोणचे पाच वर्षे बरणीत ठेवूनही मुरत नाही, नुसते जुने होते. नवख्या माणसाने उत्तम घराच्या रेसेर्वापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. तिच्यात फळाचा ताजेपणाही शिल्लक असतो आणि मुरण्याची चाहूलही लागलेली असते.

काही बाटल्यांवर तारेची जाळी का असते?

एकोणिसाव्या शतकात नामांकित घरांच्या रिकाम्या बाटल्यांत हलकी वाइन भरून विकण्याचा उद्योग चालत असे. जाळी तोडल्याशिवाय बूच काढता येऊ नये, म्हणून ती आली. या युक्तीचे श्रेय सामान्यतः मार्केस दे रिस्कालला दिले जाते. आज ती केवळ शोभेची आहे, आणि तिच्यावरून वाइनच्या दर्जाविषयी काहीही अनुमान काढू नये.

‘९०४’ किंवा ‘८९०’ हे आकडे द्राक्षांच्या हंगामाचे वर्ष आहे काय?

नाही, आणि ही गफलत पुष्कळांची होते. ला रिओहा आल्ता या घराच्या ग्रान रेसेर्वांची ती नावे आहेत. १९०४ आणि १८९० ही त्या घराच्या इतिहासातील वर्षे आहेत. ग्राहकांनी ते हंगामाचे वर्ष समजू नये म्हणून पहिला आकडा गाळण्यात आला. हंगामाचे वर्ष ‘कोसेचा’ या शब्दाशेजारी स्वतंत्र छापलेले असते.

कोणत्या वर्षाची बाटली घ्यावी?

नियामक मंडळ दरवर्षीच्या हंगामाला श्रेणी देते. १९६४, १९९४, १९९५, २००१, २००४, २००५, २०१० आणि २०११ या हंगामांना सर्वोच्च श्रेणी मिळालेली आहे. यांत १९६४ चे नाव तेथील जुने लोक विशेष आदराने घेतात. तरीही रोजच्या खरेदीत वर्षापेक्षा घर महत्त्वाचे मानावे. जुन्या घरांची ख्याती याचसाठी आहे की मध्यम हंगामातही ती उत्तम बागांची द्राक्षे निवडून वाइन सांभाळून घेतात आणि अगदीच वाईट वर्षी ग्रान रेसेर्वा काढतच नाहीत.

आजची सारी रिओहा अशीच असते काय?

मुळीच नाही. १९९० च्या दशकात दाट रंगाच्या, नव्या फ्रेंच ओकमध्ये कमी काळ ठेवलेल्या, फळाचा जोर असलेल्या वाइनची लाट आली. तिच्यात काही उत्कृष्ट वाइन निघाल्या, काही केवळ जड निघाल्या. त्यानंतरचा वाद अधिक मूलगामी आहे. मुरण्याच्या कालावधीवर आधारलेल्या श्रेणी वाइन कोणत्या गावच्या, कोणत्या मातीची हे सांगतच नाहीत, अशी अनेक लहान उत्पादकांची तक्रार होती. एकाच बागेतील द्राक्षांपासून बनणाऱ्या वाइनला ‘विन्येदो सिंगुलार’ असे लेबलवर लिहिण्याची तरतूद २०१७ साली झाली. त्यासाठी वेली किमान ३५ वर्षांच्या आणि तोडणी हातानेच झालेली असावी लागते.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र एकाच बागेचा आग्रह नवा आहे आणि जुनी घरे त्याला परकी होती, असे समजणे चुकीचे ठरेल. लोपेथ दे एरेदियाची तोंदोनिया ही एब्रोच्या वळणातील सुमारे शंभर हेक्टरची बाग विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लावली गेली, आणि तिचे नाव तेव्हापासून लेबलवर आहे.

वाइन ‘रूम टेंपरेचर’ला द्यावी असे म्हणतात. पुण्या-मुंबईत ते कसे जमावे?

त्या सल्ल्यातील खोली युरोपातील जुन्या, गार, दगडी घराची आहे. आपल्या एप्रिलमधील दिवाणखान्याशी तिचा काही संबंध नाही. मुरलेली रिओहा साधारण १६ ते १८ अंश सेल्सिअसला द्यावी. तीस अंशांच्या खोलीत ठेवलेल्या वाइनमध्ये मद्यार्काचा भपका वर येतो आणि नाजूक वास त्याखाली दडपले जातात. म्हणून ओतण्यापूर्वी बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावी आणि पेल्यात थोडी थोडीच घ्यावी. फार गार झाली तरी चिंता नाही, पेल्यात ती लवकर चढते.

पेला मोठ्या पोटाचा, वरच्या बाजूस किंचित निमुळता असावा आणि तृतीयांशाहून अधिक भरू नये.

जुनी बाटली उघडताना कोणती काळजी घ्यावी?

एक दिवस आधी बाटली उभी करून ठेवावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो. वीस-पंचवीस वर्षांचे बूच ओलसर व ठिसूळ झालेले असते. मळसूत्री स्क्रू मध्यभागी सरळ उतरवून, घाई न करता, किंचित किंचित वर ओढावे. बूच तुटलेच तर उरलेला तुकडा आत ढकलून वाइन स्वच्छ गाळणीतून ओतावी. चव बिघडत नाही.

डिकँटरमध्ये ओतावी काय, हा पुढचा प्रश्न. कोवळ्या क्रिआन्थाला अर्धा तास हवा मिळाली तर बरे. परंतु तीस वर्षांच्या ग्रान रेसेर्वाला पिंपातच पुष्कळ हवा मिळालेली असते, आणि तिचा वास काचेच्या भांड्यात तासाभरात विरून जाऊ शकतो. ती बाटलीतून सावकाश थेट पेल्यात ओतावी आणि मानेशी गाळ दिसू लागला की थांबावे. उघडल्याबरोबर बंद कपाटासारखा वास आला तर लगेच निराश होऊ नये. दहा-पंधरा मिनिटांत तो जातो आणि खरी वाइन पुढे येते.

खरेदीच्या वेळी दुकानातील मांडणी पाहावी, हा सल्ला अनुभवाचा आहे. काही वर्षांपूर्वी मी एका दुकानातून एक रेसेर्वा मोठ्या उत्साहाने घेतली होती. ती दर्शनी खिडकीत, दिव्याखाली, किती महिने उभी होती कोणास ठाऊक. घरी आल्यावर बूच आक्रसलेले निघाले आणि वाइनला शिजवलेल्या मुरंब्याचा वास येत होता. पैसे गेले ते गेलेच. आपल्या हवामानात बाटली आडवी, अंधारात आणि गारव्यात ठेवलेली नसेल तर कितीही नामांकित घराची असो, घेऊ नये.

या वाइनबरोबर काय खावे?

तिच्या स्वतःच्या गावी कोकराच्या लहान चापा द्राक्षवेलींच्या छाटणीत निघालेल्या वाळक्या काड्यांवर भाजतात. काड्या भरकन पेटतात आणि लवकर निखारा होतात, मांसाला हलका धूर लागतो आणि वर केवळ जाडे मीठ पडते. लोग्रोन्योच्या काये लाउरेल या गल्लीत पावाच्या तुकड्यावर लसूण घालून परतलेल्या अळंब्यांची चळत आणि तिच्यावर एक कोळंबी असा घास मिळतो, तोही या वाइनबरोबर उत्तम जातो. बटाटे आणि चोरिसो सॉसेजचा रस्सा, भाजलेल्या लाल मिरच्या आणि मेंढीच्या दुधाचे जुने चीज हीही तेथील नेहमीची जोडी.

मराठी ताटात पाहायचे तर तांबड्या रश्शापासून तिला दूर ठेवावे. तिखटाने मद्यार्क अधिक जाळतो आणि नाजूक वास बिचारे कोठल्या कोठे जातात. याउलट कांदा-सुके खोबरे खरपूस भाजून केलेल्या वाटणातील, तिखट हात राखून केलेले सुके मटण तिच्याशी चांगले जुळते, कारण अमेरिकन ओकमधून आलेला खोबऱ्याचा वास आणि वाटणातील खोबरे यांची ओळख पटते. शाकाहारी पानात अळंबी किंवा निखाऱ्यावर भाजलेले वांगे करून पाहावे, मात्र भरतात हिरवी मिरची जपून घालावी.

नाशिकच्या तेम्प्रानियोत हीच चव मिळेल काय?

नाशिक परिसरात ही जात लावली गेली आहे आणि तिच्यापासून वाइनही बनली आहे, पण चव तीच मिळण्याची अपेक्षा करू नये. रिओहात वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात फुटते आणि तोडणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, रात्री गार होत जाताना होते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळ छाटणी, अशा दोन छाटण्यांनी आपण तिचे वर्ष आखून देतो आणि घड जानेवारी ते मार्चमध्ये, थंडी ओसरून ऊन चढत असताना तोडतो. घड ज्या हवेत पिकतो तिचा ठसा आंबटपणावर आणि वासावर उमटतोच. शिवाय पिंपात व बाटलीत पाच-दहा वर्षे माल अडकवून ठेवणे हा भांडवलाचा प्रश्न आहे, आणि तो रिओहातील घरांनी काही पिढ्यांत सोडवला आहे. नाशिकची तेम्प्रानियो तिच्या स्वतःच्या गुणांवर प्यावी.

उघडलेली बाटली किती दिवस टिकते?

बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवल्यास क्रिआन्था किंवा तरुण रेसेर्वा दोन-तीन दिवस बरी राहते, आणि दुसऱ्या दिवशी कधीकधी पहिल्यापेक्षा मोकळी लागते. जुनी ग्रान रेसेर्वा मात्र त्याच संध्याकाळी संपवावी. ती एकट्याने किंवा दोघांनी उघडण्याऐवजी चौघे-पाच जण असतील तेव्हा काढावी, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दीड पेला येतो आणि कोणाला जास्तही होत नाही. तळाशी राहिलेला गाळाचा घोटभर भाग पेल्यात घेऊ नये. तो मटण शिजताना पातेल्यात घालावा.